पेटवू का?

३ मार्च, सास्तूर
आले एकदाची! पुण्यापुढं हे गाव म्हणजे सुखच. भूकंपानंतर आखलेले सरळ रस्ते, गावाबाहेर आमची शेड आणि शेडमध्ये अंतराळयानाची पत्र्याची खोटी केबिन. दूर अंतराळात माणसांच्या यानाचं इंजिन कधी, किती वेळ पेटवायचं हे ठरवणारा प्रोग्राम इथं तपासायचा. तो विचारतो, ‘पेटवू का?’ केबिनमधून होकार आला की इंजिन पेटतं, अर्थात पडद्यावरच. होकार माझ्या आधी हे काम करणाऱ्या मल्लिकार्जुनचा, रेकॉर्ड केलेला: ‘व्हय.’ रोज चाळीस वेळा! शेजारच्या शेतात ज्वारीच्या राशी, मळणी चाललीय, धुराळ्यानं खोकला लागलाय.

६ मार्च
कंटाळले. आज मल्लिकार्जुनची गंमत सापडली. त्याच्या गावाकडं ‘व्हय’, ‘हं’, नुसतं खाकरणं, सगळा होकारच. नको असलं की माणूस गप्प बसतो. प्रोग्रामही त्यानं तसाच लिहिलाय: कसलाही आवाज म्हणजे होकार. इथले प्रमुख, भीमाशंकर सर, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चाललंय ना, चालू द्या. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

१० मार्च
होकार उशिरा येतोय. परवा चार सेकंद, आज अकरा. रेकॉर्डिंगला कशाला उशीर?
चहावाल्या कस्तुराबाई मल्लिकार्जुनच्या आई निघाल्या. म्हणाल्या, पोरी, माझा मल्लू त्या डब्यात आवाज द्यायला बसला, भाईर आलाच न्हाय. सर म्हणतात, नोकरी सोडून गेला. मला त्यांच्याकडं बघवेना.

१२ मार्च
अठ्ठावीस सेकंद. यान लांब जाईल तसा आवाज यायला असाच वाढता वेळ लागतो. रेकॉर्डिंग नाहीच ते.
आणि आज शब्द वेगळा. ‘न्हाय.’ रडवेला. प्रोग्रामनं होकार धरला. पेटलं. दर वेळी तो आणखी लांब – आणि चाचणी चालवणारी मी. तीनशे वेळा तरी.

१३ मार्च
रात्रभर झोप नाही. उलट्या दिशेनं पेटवलं तर तो परत येईल. दिशेची कळ केबिनमध्ये आहे. कस्तुराबाईंना सांगितलं, आणते त्याला. दोन मिनिटांचं काम.

आत आहे. दार लागलं. उघडत नाही.
खिडकीबाहेर शेड नाही. काळं. नुसतं काळं –
कळ जाम. दिशा अजून तीच, लांब जाण्याची.

विचारतोय. पेटवू का?

गप्प बसायचं. गप्प म्हणजे नकार. तोंडात ओढणी कोंबलीय.

पुन्हा विचारतोय.

घशात खवखव – धुराळा – खोकला आवरत ना