फॉर्म गेला

डोंबिवली (पू.)
१९ ऑगस्ट २०२५

ती. तायडीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्र लिहायला पाच दिवस टाळाटाळ केली, हे आधीच कबूल करतो. रोज कागद काढायचो, पेन नाही म्हणून खाली जायचो, आणि नाक्यावर ऋतुराज भेटला की झालंच. त्याच्या स्कूटरचा हॉर्न हल्ली वळलो की आपोआप वाजतो. अख्खी चाळ आम्हाला शिव्या घालते. ते असो.

आई बरी आहे. बाबा मानपाड्याच्या कंपनीतून येतात तेच तुझं पत्र आलं का विचारत. कॅम्पवर रेंज नाही हे त्यांना पटतच नाही. म्हणतात, पोरगी चंद्रावर गेलीय का?

तुझ्या शिष्यवृत्तीचं. फॉर्म गेला. बाकी सविस्तर मग लिहितो, आई दूध उतू गेलं म्हणून ओरडतेय.

खोकडांना, म्हणजे तुझ्या त्या माळावरच्या छोट्या कोल्ह्यांना, नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा सम्यक


माळरान कॅम्प, जि. सोलापूर
२७ ऑगस्ट

चि. सम्यकास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, वि. वि.

धपाटा पाच दिवसांचा. बाकी सगळं माफ! शिधा आणणाऱ्या जीपवाल्या दौलतकाकांनी तुझं पत्र दिलं, ते मी तिथंच दगडावर बसून वाचलं. ‘फॉर्म गेला’ हे दोन शब्द काकांनाही वाचून दाखवले. खरं सांगू? मूळ कागद तुझ्या हाती ठाण्याला पाठवायचे म्हणून रोज जीपची वाट बघत होते. तू मीठ आणायला जाऊन मांजराचं पिल्लू घेऊन येणारा माणूस.

वन्यजीव शिकणाऱ्यांना शिष्यवृत्त्या असतात तरी किती रे? एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माळावर राहायचा खर्च देणारी ही एकच. नाहीतर या महिन्याअखेर गाशा गुंडाळायचा होता. आता मार्चपर्यंत इथंच. खोकडाच्या सात बिळांपैकी चार सरांनी माझ्याकडे दिलीत. कल्याणच्या शाळेनं माझ्यासाठी शिक्षिकेची जागा राखून ठेवलेली, त्यांना नकाराचं पत्र याच जीपनं पाठवतेय.

बाबांना सांग, त्यांची सही वाया गेली नाही. पालक म्हणून सही करायच्या आधी त्यांनी तीनदा हात धुतलेले, आठवतंय ना? ऑईल लागेल म्हणून.

जप स्वतःला, आणि माझ्या वाटणीचा जीव मांजरांना देऊन टाकू नकोस.

तुझी पायल


डोंबिवली
५ सप्टेंबर

ताई,
जय भीम. वि. वि. म्हणजे विनंती विशेष. आज ती खरंच आहे. मध्येच फाडू नकोस, पूर्ण वाच.

फॉर्म गेला म्हणजे हातचा गेला गं. मॅच गेली, लाईट गेली म्हणतो तसा. जमा झाला असं मी लिहिलं नव्हतं. पण तू तसं वाचशील हे मला सुचलंच नव्हतं, असंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

१४ तारखेला पाचच्या आत टेंभी नाक्याच्या ऑफिसात द्यायचा होता. ऋतुराजची स्कूटर घेऊन दोनलाच निघालेलो. शीळफाट्याला टेम्पोंच्या मागे माणसं दगड मारत होती. बघतो तर कोल्हीण, तोंडात पिल्लू. एका बाजूला पत्र्याचं कुंपण, दुसरीकडे डंपर. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. माणसं पांगली, ती डोंगराकडे निघाली. इथवर ठीक होतं. पण मग मी तिच्या मागे गेलो. तुला दाखवायला व्हिडिओ काढत, आणखी थोडं, आणखी थोडं. व्हिडिओत शेवटी नुसतं गवत आहे.

टेंभी नाक्याला पोचलो तर सहा वाजायला आलेले. हंडीचं स्टेज बांधत होते, रस्ता बंद. धावत गेलो. ऑफिसच्या नीला मॅडम कुलूप लावत होत्या. ओरडल्या पण नाहीत. म्हणाल्या, यादी पाचला बंद झाली, बहिणीला पुढच्या वर्षी भरायला सांग. मी म्हटलं, तिचं हेच शेवटचं वर्ष. त्यावर म्हणाल्या की मग त्यांच्या हातात काही नाही. सोमवारी परत गेलो. तेच.

तुझं पत्र माझ्याआधी बाबांनी फोडलं. चाळभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला. काय करणार होतो? काल कल्याणच्या शाळेत गेलेलो, तुझा नकार फाडून टाका सांगायला. तिथं तुझ्या वर्गावर नव्या बाई हजेरी घेत होत्या.

फाईल माझ्या गादीखाली आहे. बाबांची सही अगदी स्वच्छ आहे गं.

लोभ ठेव असं आज लिहवत नाही. रागात तरी ठेव.

सम्यक

ता. क. पाकिटावर तुझा पत्ता लिहून झाला आणि खालून आईची हाक आली की पायल आलीय. गॅलरीतून बघतोय. पाठीवर सॅक, गळ्यात दुर्बीण, उन्हानं काळी झालीयस. तू आईला सांगतेयस की सगळ्यांना चकित करायला न कळवता आलीस, फॉर्मची पोच सम्याकडे असेल, ती घेऊन उद्या ठाण्याला जाणार. बाबांना ती पोच आधी बघायचीय, म्हणून नळावर हात धुतायत. तू जिना चढतेयस. द्यायला माझ्या हातात एवढंच आहे.