पेपर मिल, स्केल एकास सत्त्याऐंशी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळी ७.००
आजपासून सुरू. मॉडेल रेल्वे क्लबचं प्रदर्शन १४ डिसेंबरला, चिंचवडला. सेक्रेटरी योगिनीताई म्हणाल्या, रुळांच्या शेजारी एखादा कारखाना हवा, कोण करतंय? मी म्हणालो, पेपर मिल. एकोणतीस वर्षं चालवलीय मी, डोळे मिटून करीन. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर चित्राने विचारलं, अहो, पण तुम्ही टाइम ऑफिसात होता ना? आता हिला काय सांगायचं. फर्स्ट शिफ्ट सातची. सात वाजून पाच मिनिटांनी माझी खिडकी बंद. पुढे कुणीही येवो, अर्धा दिवस कट. मिल चालायची ती त्या खिडकीवर.

प्लॅन: आधी आतलं मशीन, मग भिंती, मग छप्पर. गेट शेवटी.

१२ ऑक्टोबर
गेटपासून सुरुवात केली. माणूस मिलमध्ये गेटमधूनच शिरतो. गेटला लागून टाइम ऑफिस. आत हजेरी कार्डांचा रॅक. कार्डं तीनशे बारा, नखं कापायच्या कात्रीने. मान धरली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दिवाळीत कामं होत नसतात. सोसायटीतल्या पोरांचा किल्ला मात्र चार दिवसांत उभा राहिला. चित्रा म्हणाली, त्यांनाच बोलवा की मदतीला. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

२ नोव्हेंबर. सकाळी ७.००, हजर
मशीनचं काम सुरू केलं. कागद वाळवायचे सिलिंडर, म्हणजे ड्रायर, म्हणून चित्राच्या शिलाई मशीनचे बॉबिन घेतले. दोन ओळींत बत्तीस लावले. फार सुंदर दिसले. मग थांबलो. ड्रायरच्या आधी काय येतं? नंतर काय? सगळं आठवतंय, क्रम तेवढा लागत नाही. मिलच्या आत उकडायचं फार, आणि माझं काम बाहेरचं.

मशीनवर साहेबराव होते. आता चाकणला मुलाकडे असतात. एक फोन केला की प्रश्न मिटला. पण टाइमकीपरने ऑपरेटरला विचारायचं, हे बरं दिसत नाही. उद्या बघू.

९ नोव्हेंबर
फोन राहिला. मोबाइलवर जर्मनीच्या एका मिलचा व्हिडिओ बघितला. त्यांच्याकडे वाघिणींतून ओंडके येतात. आमच्याकडे ट्रकमधून रद्दीचे गठ्ठे यायचे. पण रेल्वेच्या मॉडेलला वाघिणी नकोत? ओंडके ठेवले. याला ॲडजस्टमेंट म्हणतात.

व्हिडिओत मशीनचा भाग लागला तोवर मला झोप लागली होती.

२३ नोव्हेंबर
चित्राने बॉबिन परत नेले. ब्लाउज शिवायचा होता म्हणे. मशीनचा खोळंबा कुणामुळे झाला, याची इथे नोंद असावी. भिंती उभ्या केल्या, छप्परही केलं. छप्पर बसल्यावर आतलं कोण बघतंय?

३० नोव्हेंबर
योगिनीताईंचा फोन. आनंदाने सांगत होत्या, तुमच्या मिलमधले एक जुने ऑपरेटर सापडलेत, साहेबराव म्हणून. प्रदर्शनात तेच लोकांना मशीन समजावून सांगतील. मी म्हणालो, वा. मग पंख्याखाली बसलो. भर थंडीत.

७ डिसेंबर
घाबरण्यासारखं काही नाही. मनावर घेतलं तर मशीन चार दिवसांचं काम. आज टाइम ऑफिसच्या घड्याळाला काटे लावले, सुईच्या टोकाने. सात वाजून पाच. अडीच तास लागले.

१३ डिसेंबर
छप्पर चिकटवून टाकलं. आत पिवळा दिवा. काचांवर पावडर चोळली. मिलच्या काचा धुरकटच असायच्या. शरीरात त्राण नाही.

१४ डिसेंबर, प्रदर्शन
साहेबराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. योगिनीताईंनी भोवती लोक जमवले. साहेबराव वाकले, खिडकीच्या काचेला डोळा लावला. बराच वेळ तसेच. मग सरळ होऊन माझ्याकडे बघितलं. आत काहीच नाही, असं आता हे सगळ्यांसमोर सांगणार, म्हणून मी बुटांकडे बघत राहिलो.

पण ते बंद छपरावर बोट ठेवून सांगायला लागले. हितं लगदा येतो, ही वायर, म्हंजी जाळी, हितं पाणी गळतं, मग दाबायचा प्रेस, मग ड्रायर. कागद तुटला की भोंगा व्हायचा आन् आमी घास टाकून पळायचो. अर्धा तास. रिकाम्या खोक्यातलं मशीन लोकांना दिसत होतं. मलाही पहिल्यांदाच दिसलं.

जाताना ते टाइम ऑफिसपाशी थांबले. म्हणाले, साहेब, ही खिडकी मातर हुबेहूब झाली. आमची आम्रपाली झाली त्या दिशी दवाखान्यातनं पळत आलो. सात मिन्टं उशीर. अशीच बंद होती.

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. रॅकमध्ये त्यांचं कार्ड आहे, नंबर दोनशे चौदा. मुलगी कधी झाली ते मला माहीत नव्हतं. लाज वाटली.

१५ डिसेंबर
साहेबरावांना फोन केला. मशीन शिकवाल का, विचारलं. म्हणाले, या की रविवारी, आठला.

२१ डिसेंबर, रविवार
चित्राने न मागता बॉबिन डब्यात भरून दिले. सांगवीहून पावणेसातला निघालो. मोशीच्या पुढे कंटेनरच कंटेनर. चाकणला पोचलो तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं.

साहेबराव दारातच उभे होते. त्यांनी घड्याळात बघितलं. मी म्हणालो, ट्रॅफिक फार होतं हो. बोलताना माझाच आवाज ओळखीचा वाटला. एकोणतीस वर्षं तो खिडकीच्या बाहेरून यायचा.

ते बाजूला झाले. म्हणाले, या आत. काय आणलंय दाखवा.

बॉबिनचा डबा घरीच राहिला होता.