दोन फॉर्मांवरची दोन मुलं

८ फेब्रुवारी

डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉय शहराच्या बर्फगाडीविरुद्ध ही माझी रीतसर तक्रार. ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही, म्हणून इथे. सकाळी उठून सबंध ड्राइव्हवे साफ केला. फावडं टेकवलं, कमरेवर हात ठेवले, स्वतःच्या कामाकडे कौतुकाने बघितलं — आणि ती आली. रस्ता साफ करत करत सगळा बर्फ माझ्या दारातोंडाशी लोटून गेली. गुडघाभर बांध! वर ड्रायव्हरने हसून हात केला. अन्याय करावा तर असा, प्रसन्न मुद्रेने.

रेणू खिडकीतून म्हणाली, लिही यावर एक स्किट. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना वाटतं, मी गणपतीच्या स्किटांसाठीच जन्माला आलोय. मधल्या वेळात नोकरीही करतो — जगन्नाथकाकांच्या कंपनीत. ते मला एका मोटार कंपनीला भाड्याने देतात.

उद्या टॅक्सचे कागद घेऊन बसायचं. रिफंड आला की स्नो-ब्लोअर.

९ फेब्रुवारी

रिफंड नाही. उलट भरायचेत! आकडा चुकला असणार.

११ फेब्रुवारी

आकडा चुकलेला नाही. दहा हजार आठशे नव्वद डॉलर. दंड वेगळा.

संगणकावरचं ते पान बंद करून परत उघडलं. वाटलं, लाजून थोडं कमी करेल. मग सत्यजितला फोन — आमच्या निम्म्या मंडळाचे टॅक्स तोच भरतो. त्याने एवढंच विचारलं, रेणूच्या पगारातून वर्षभरात फेडरल टॅक्स किती कापला? बघितलं. शून्य. मागच्या जानेवारीत ती हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये लागली. तेव्हापासून मी जगाला सांगतोय, तिच्याकडे हातात पगार मस्त येतो बुवा. येणारच!

झालं ते असं. नोकरीला लागताना डब्ल्यू-फोर नावाचा फॉर्म भरायचा. पगारातून टॅक्स किती कापायचा, ते त्यावरून ठरतं. रेणूचा मी भरला. कसा? माझा समोर ठेवून. इथे आपण सगळे असंच करतो. मी आलो तेव्हा कोणीतरी त्याचा दिला होता, तो मी उतरवला. पुढे माझा चौघांनी उतरवला. विवाहित — हो. मुलं — दोन. घरात दुसरा पगार आहे का, अशी एक चौकट असते. ती दोन्ही फॉर्मांवर कोरी. म्हणजे दोन्ही कंपन्यांना वाटलं, या घरात पगार येतो तो फक्त आपला, आणि दोन पोरं जगतात ती त्याच्यावरच. सूट दोन्हीकडून! एकच रेशनकार्ड दोन दुकानांत दाखवलं आणि वर्षभर दुप्पट साखर खाल्ली.

सत्यजित म्हणाला, गुन्हा नाही, चूक आहे. पण पंधरा एप्रिलपर्यंत भरा.

कशातून? साठलेले बहुतेक ऑक्टोबरात छपराला गेले.

रेणूला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

रेणूने विचारलं, रिफंड किती? म्हणालो, अजून एक कागद यायचाय. मग कांदा चिरायला घेतला. कोणी सांगितलेलं नसताना.

२० फेब्रुवारी

रेणूच्या सिटिझनशिपच्या मुलाखतीचं पत्र आलं. २९ एप्रिल, डेट्रॉइट. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच ते दोनदा वाचून थेट नागपूरला फोन करायला गेली.

तिच्या आई तिथे एकट्या. जानेवारीत बाथरूममध्ये पडल्या आणि कामवाली येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. ओल्या फरशीवर. त्या दिवसापासून रेणू फोन उशाशी घेऊन झोपते. ग्रीनकार्डवर आईला कायमचं आणता येत नाही. सिटिझन झाली की येतं. मी अजून अर्जसुद्धा केलेला नाही — जुन्या पासपोर्टबद्दल भावुक व्हायची चैन मला परवडते. तिला नाही.

मी अभिनंदन केलं. मिठी मारली. आणि मिठीत असतानाच आठवलं, त्या अर्जात एक प्रश्न आहे. सरकारचा मुदत उलटलेला टॅक्स तुम्ही देणं लागता का? सप्टेंबरात आम्ही 'नो' लिहिलं होतं. तेव्हा ते खरं होतं. मुलाखतीत सगळे प्रश्न परत विचारतात, शपथेवर. पंधरा एप्रिल उलटून गेलेला असेल. आणि आमचं रिटर्न एकत्र — माझं देणं ते तिचं देणं.

हात गार पडले. ती म्हणाली, बाहेर फार थंडी आहे का?

२१ फेब्रुवारी

'नो' म्हणून मोकळं व्हावं. कोण बघतंय? हे फक्त इथे लिहितो. तिच्यासमोर उच्चारायची छाती नाही. रेणू सुनसान रस्त्यावरसुद्धा स्टॉपच्या पाटीला गाडी पूर्ण थांबवते.

२३ फेब्रुवारी

पत्रपेटी उघडायला हल्ली दोन फेऱ्या लागतात. आज पिझ्झाचं कूपन होतं. तेही घाबरतच फाडलं.

२६ फेब्रुवारी

सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर, भात थंड होईपर्यंत. दोन विनोद तयार ठेवले होते. पहिला सांगितला, दुसऱ्याची वेळ आली नाही. तिने भातावर झाकण ठेवलं. मग फक्त विचारलं, आईचं काय होईल? ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आमची थोरली, कादंबरी, हेडफोन काढून म्हणाली, "आर वुई पुअर नाऊ?" तेरा वर्षांची आहे, नको ते बरोब्बर ऐकते. रेणू म्हणाली, "नाही. तुझा बाबा विनोदी आहे, एवढंच."

२८ फेब्रुवारी

सत्यजितकडे जाऊन आलो. आहेत तेवढे आत्ता भरा, बाकीचे हप्त्याने द्यायचा करार आयआरएसशी, म्हणजे टॅक्सखात्याशी, करा. करार असला आणि हप्ते नीट जात असले, तर मुलाखतीत 'येस' म्हणून कागद दाखवता येतो. बहुतेक चालतं, म्हणाला. बहुतेक! या शब्दावर माझी सासू नागपुरात बसून आहे.

हप्ता बँकेतून जाऊ शकतो किंवा थेट पगारातून. मी घाईने म्हणालो, बँकेतून. कारण पगारातून कापायचा तर कंपनीने फॉर्मवर सही करायची. आणि आमच्या कंपनीत ती सही करणार सुहासिनीकाकू! जगन्नाथकाकांची बायको. पगाराचं सगळं त्यांच्याकडे. गेल्या गणपतीत त्यांचीच नक्कल करून मी हॉल डोक्यावर घेतला होता — डोळ्यांवर चष्मा असताना चष्मा शोधणारी, दर कागदाच्या तीन प्रती मागून तिन्ही हरवणारी बाई. त्या पहिल्या रांगेत होत्या. हसल्या नव्हत्या. आणि त्यांना कळलं म्हणजे जगन्नाथकाकांना कळणार, आणि काकांना कळलं म्हणजे शनिवारपर्यंत मंडळाला.

पार्किंगमध्ये रेणू गाडीचं दार धरून उभी राहिली. म्हणाली, "बँकेतून जाणार असतील तर मधे तू आहेस. पगारातून कापले तर मधे कोणी नाही."

यावर स्किट होत नाही.

६ मार्च

फॉर्म बॅगेत. काकू जागेवर होत्या. मी पाण्याच्या मशीनपर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

७ मार्च

पुन्हा पाणी प्यायलो.

१० मार्च

सोमवार. रेणूने डबा देताना काही विचारलं नाही. म्हणून गेलो.

म्हणालो, हा आजच्या कुरियरने जायला हवा. काकूंनी फॉर्म घेतला, चष्मा लावला — मी नजर दुसरीकडे वळवली — आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. सावकाश. बाहेर कोणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं. मग त्यांनी संगणकावर माझा जुना डब्ल्यू-फोर काढला आणि म्हणाल्या, रेणूचा कोणी भरला? मी म्हणालो, मीच. यावरून.

"म्हणजे तुमची चार मुलं झाली. दोघांच्या बारशाला बोलावलं नाहीस, नंदू."

मी हसलो. त्या नाही हसल्या. सहीच्या जागेवर पेन टेकवून थांबल्या. माझ्या मनात आलं — आता सोडणार नाहीत. आता त्या नकलेचं सगळं वसूल. पण त्यांनी एवढी घाई कशाची, असं विचारलं. आणि मी सगळं सांगून टाकलं — मुलाखत, आई, ओली फरशी. एकही विनोद न करता एवढं सलग मी कधी बोललो असेन, आठवत नाही. त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला, बघितलं मात्र फॉर्मकडेच.

सही केली. माझा डब्ल्यू-फोर तिथल्या तिथे बदलून घेतला. म्हणाल्या, रेणूच्या फॉर्मवरची मुलं काढून टाक. ती तुझ्याकडे राहू देत.

काकांना सांगणार का, विचारलं.

"मी नाही सांगत. तू सांगू नकोस. तुझं तोंड त्यांच्यापेक्षा मोठं आहे."

पाकीट त्यांनीच बंद केलं. कुरियर दुपारी गेलं.

११ मार्च

रेणूने तिच्या ऑफिसात फॉर्म बदलला. आता हॉस्पिटलच्या लेखी ती निपुत्रिक. मुलांना सांगितलं. अंकुर दहा वर्षांचा, तो म्हणाला, मग होमवर्क पण नाही.

१५ एप्रिल

होते तेवढे तीन हजार भरले. सात हजार आठशे नव्वद आणि दंड बाकी. आजपासून 'नो' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं.

कराराच्या मान्यतेचं पत्र अजून नाही.

२२ एप्रिल

पत्र नाही. सत्यजित म्हणतो, वेळ लागतो. सह्या केलेल्या फॉर्मची प्रत, कुरियरची पावती, भरलेल्या पैशांची पावती — सगळं फाइलीत घालून द्या. फाइल लावली. परत लावली. आईंनी फोनवर विचारलं, तो साहेब काय काय विचारतो? रेणू म्हणाली, सोपं असतं गं.

२८ एप्रिल

रेणू भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "त्या साहेबाने तो प्रश्न विचारलाच नाही तर?" म्हणालो, तर सुटलो. ती म्हणाली, "आणि विचारला तर?" मी म्हणालो, फाइल आहे ना. तिने मान हलवली. ती किती शांत असते! मला आज कांदासुद्धा सरळ चिरता आला नाही.

२९ एप्रिल

मला आत सोडलं नाही. गाडीत बसून राहिलो. रेडिओ लावला, बंद केला. माझ्या एका कोऱ्या चौकटीपायी एक बाई नागपुरात परत पडेल, आणि आम्हाला फोनवर कळेल — हेच चित्र डोळ्यासमोर. स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो होतो. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, यू ओके? म्हणालो, टॅक्स. तो लगेच काच चढवून निघून गेला.

रेणू बाहेर आली. ओठ पांढरे. म्हणाली, झालं. फाइल ठेवून घेतली. मान्यतेचं पत्र आलं की पाठवा, साहेब म्हणाला. निकाल नंतर. घरी येईपर्यंत एवढंच बोलली.

९ मे

मान्यतेचं पत्र आलं! पत्रपेटीपाशीच खाली बसलो. रेणूने त्याच दिवशी पाठवून दिलं.

३० मे

पहिला हप्ता कापलेला पगार. कमी पगार बघून आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

४ जून

मंजूर. जुलैत शपथ. आईंना फोन केला. त्या रडल्या नाहीत. तिकडे कढीपत्ता मिळतो का, एवढंच विचारलं.

५ जून

सकाळी चहा गाळताना रेणू म्हणाली, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी ऑफिसरने तो प्रश्न विचारला, तेव्हा मी 'नो' म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"तो पुढचा प्रश्न वाचायला लागला होता. मला आई दिसत होती, फरशीवर. मग तू दिसलास, काकूंसमोर तो कागद धरून बसलेला. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, सॉरी, चुकलं. येस."

इतके दिवस मी हिला घाबरत होतो. ही कशाला घाबरतेय, ते एकदाही विचारलं नाही.

ऑफिसात गेलो. काकू जागेवर नव्हत्या. मार्चातल्या त्या कुरियरचे एकतीस डॉलर त्यांनीच भरले होते. ते पाकिटात घालून त्यांच्या टेबलावर ठेवले. पाकिटावर लिहायला एक झकास ओळ सुचली होती. लिहिली नाही.