दहाला दहा कमी

सोमवार, ४ मार्च

बाबांसाठी नाहीच मिळाली. दहा वाजून नऊ सेकंदांनी सगळ्या अपॉइंटमेंट संपल्या!

हसावं की रडावं. ती वेबसाइट चालू ठेवणं हेच तर माझं काम. शहरातल्या झाडून सगळ्या मोठ्या दवाखान्यांच्या वेळा तिथूनच घ्याव्या लागतात. दर सोमवारी दहाला पुढच्या आठवड्याच्या वेळा खुल्या होतात आणि माणसं तुटून पडतात. मागच्या वर्षापर्यंत साइट दर सोमवारी आडवी व्हायची. म्हणून मी कोड लिहिला. दहाला दहा कमी असताना तो क्लाउडला सांगतो, ठरलेली पॉलिसी, म्हणजे सर्व्हर वाढवायचा नियम, चालव. की दोनाचे दहा सर्व्हर होतात, गर्दी ओसरली की परत दोन. कुणी हात लावायला नको. तेव्हा मॅनेजरने सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. मीही दोन दिवस हवेत होते.

आता सगळ्यांना पान झटकन उघडतं. आणि मानेच्या सर्जनच्या आठवड्याच्या बारा वेळा नऊ सेकंदांत उडतात. सर्व्हर दहा झाले, सर्जन एकच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मंगळवार, ५ मार्च

आज बाबांच्या हातून सुई तीनदा पडली. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस! मानेत नस दबलीय. आमचे नेहमीचे डॉक्टर स्वच्छ म्हणाले, "एप्रिल संपायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. बोटांची गेलेली ताकद नंतर परत येत नाही." आणि ते करणारा सर्जन हा एकच.

मी सुई उचलून दिली तर म्हणतात, "हल्ली सुयांना पाय फुटलेत."

बुधवार, ६ मार्च

ताईचा फोन. "तू तिथेच कामाला, आणि तुला एक अपॉइंटमेंट मिळत नाही?" सांगितलं, आतून हात घालता येत नाही, तशा कागदावर सह्या केल्यात, मीही बाकीच्यांसारखी दहाला रांगेतच. "मग त्या नोकरीचा उपयोग काय गं?"

ती शाळेत शिकवते, दहाला वर्गात असते. म्हणजे प्रयत्न करणारी मी एकटीच. बाबांना तर साधा फोन लावायलाही मी लागते.



सोमवार, ११ मार्च

नाही. या वेळी सात सेकंद. मॅनेजरच्या सांगण्यावरून दहाचे बारा सर्व्हर केले होते ना! मी काम जितकं चोख करते तितक्या वेळा लवकर संपतात. आपल्याच हाताने आपलंच दार लावून घेतेय.

गुरुवार, १४ मार्च

बाबांना अचानक माझ्या कामात रस आलाय. सकाळी चहाच्या वेळी, "सोमवारी दहाला नेमकं काय होतं गं?"

म्हटलं, शाळा उघडायच्या आधी गणवेशांची गर्दी व्हायची, तेव्हा तुम्ही आधीच चार कारागीर बोलावून ठेवायचात ना? तसंच. माझा कोड आधीच निरोप धाडतो.

"आणि कारागीर उशिरा आले तर?"

"तर गिऱ्हाईक दारात चेंगरतं."

"आल्या आल्या मशीनवर बसतात?"

"छे! उभे राहायला चार मिनिटं घेतात. म्हणून तर आधी सांगायचं."

खुदकन हसले. "म्हणजे तुझे कारागीरही माझ्या कारागिरांसारखेच." मग विचारलं, वेळ घेताना शेवटचं बटण कुठल्या रंगाचं असतं? म्हटलं, हिरवं. इतक्या वर्षांत माझ्या नोकरीबद्दल त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं. ऑफिसला जाताना उगाच बरं वाटत होतं.

शनिवार, १६ मार्च

बाबा दुपारभर खिडकीपाशी बसून फोनवर टिचक्या मारत होते. उजवी बोटं चालत नाहीत म्हणून डाव्या अंगठ्याने. या वयात गेमचा नाद! मी जवळ गेले की फोन पालथा.

सोमवार, १८ मार्च

नाही.

मंगळवार, १९ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं, "दाबा, जोरात." बाबा दाबत होते. कपाळावर शीर उठली. डॉक्टर म्हणाले, "हं, दाबा ना." ते दाबतच होते!



शुक्रवार, २२ मार्च

एक विचार डोक्यातून जात नाही. साइट कोसळायची तेव्हाही बारा वेळा कुणाला तरी मिळायच्याच. जो आत घुसला त्याला. आणि त्या साइटचा कानाकोपरा माझ्याइतका कुणाला माहीत? पहिलं जड पान टाळायचं, थेट वेळांच्या पानावर जायचं. बाकीचे दारातच अडकतील.

त्यासाठी माझा निरोप फक्त पंधरा मिनिटं उशिरा जायला हवा. ९:५० चे १०:०५. एका ओळीतले चार आकडे.

असलं काही मी करणार नाही. लिहिलं म्हणजे डोक्यातून जाईल, म्हणून लिहिलं.

रविवार, २४ मार्च

केलं.

आज जेवताना बाबांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. मी उठले आणि आकडे बदलले. नंतर ते सहज म्हणाले, "उद्या सोमवार ना?" चोराच्या मनात चांदणं! माझ्या हातातला चमचाच पडला. म्हणाले, "तुलाही सुरू झालं का?"

सोमवार, २५ मार्च

दहा वाजले. मी थेट वेळांच्या पानावर. पांढरं पान, मधोमध फिरणारं चाक. दहा सेकंद, वीस, चाळीस. चाकच. कोपरे माहीत असून काय उपयोग, अख्खं घरच बसलं!

एक मिनिटाने ऑफिसातले फोन वाजायला लागले. मदतकक्षातली मुलगी रडवेली झाली, "कुणीतरी शिव्या देतंय, मी काय सांगू?" १०:०२ ला मीच पॉलिसी चालवली. एका ओळीची आज्ञा. लगेच उत्तर आलं, मान्य. मान्य! पण सर्व्हर उभे राहायची चार मिनिटं ती चार मिनिटंच. तिथे कुणाचं काही चालत नाही. मी नुसती बघत बसले. ज्यांनी वेळ निवडून नाव घातलं होतं त्यांची पानं अर्ध्यावर तुटत होती, त्यांच्या वेळा परत मोकळ्या होत होत्या. स्क्रीनवर आकडा दिसत होता, किती तुटली ते. माणसं दिसत नव्हती.

१०:०६ ला साइट सुरळीत. बारा वेळा पाच सेकंदांत खलास. मला एकही नाही.

मॅनेजरने विचारलं, "आकडे कुणी बदलले?" म्हटलं, मी. चुकून. "होतं असं. आज तू घरी जा, चेहरा बघ कसा झालाय." ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपारीच घरी आले. बाबा अंगावर पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. भूक नाही म्हणाले. मला बरंच वाटलं, तोंड दाखवावं लागलं नाही.

मंगळवार, २६ मार्च

आकडे परत ९:५०.

बुधवार, २७ मार्च

सकाळी बाबांनी आपणहून सांगितलं. तो गेम नव्हता. दोन आठवडे डाव्या अंगठ्याने साइटवर सराव करत होते, मला चकित करायचं म्हणून. परवा दहाच्या ठोक्याला आत शिरले. वेळ मिळाली! गुरुवार, साडेअकरा. नाव घातलं, हिरवं बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, मग पान गेलं.

ते अंगठ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या साइटची काही चूक नाही गं. माझाच जोर पुरला नाही."