मागचा उजेड

६ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हो-हो करतोस आणि फोन ठेवला की विसरतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. हेही हरवलंस तर वहिनीला मागून घेईन.

काम असं आहे. आपल्या पिकअपचे मागचे रिव्हर्सचे दिवे आता नावालाच उरलेत. काचेच्या गोदामामागची गल्ली तुला आठवत असेल. दोन्हीकडे उंच भिंती, दुपारी चारलाच तिथे संध्याकाळ होते. त्यात गाडीवर उभ्या काचांची चौकट असते, म्हणजे डावा आरसा झाकलेलाच. बाबा नेहमीप्रमाणे मागे उभे राहतात. मागचा दिवा लागला की ते बाजूला होतात आणि गाडीच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा मारतात, मग मी गाडी मागे घेते. एक थाप पडली की ब्रेक. मी गाडी चालवायला लागल्यापासून एक काच तडकलेली नाही.

पण गोदामवाल्याच्या डोळ्यांत हे खुपतं. परवा बाबांच्या देखत म्हणाला की म्हाताऱ्याला घरी बसव आणि कॅमेरा लावून घे. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. चाळीस वर्षं स्वतः गाडी हाकलेला माणूस, त्यांना आता फाळक्यामागची एवढीशी जागाच उरली आहे. तीही गेली तर काय होईल ते तुला सांगायला नको. तेव्हा चांगले दिवे पाठव, म्हणजे गोदामवाल्याचं तोंड बंद होईल. मी माल उतरवायच्या ओट्याच्या कडेला पांढरा पट्टा रंगवून घेतलाय. उगाच, बरा दिसतो म्हणून.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो दिव्यांच्या रूपाने दिसावा.

तुझी,
बारकी

२० जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र हरवलं नाही, हे सोबतच्या खोक्यावरून कळेलच. घरातला एक माणूस दुसऱ्यांच्या गाड्यांना दिवे लावत फिरतो आणि घरची गाडी अंधारात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दोन एलईडी दिवे आहेत, रिले, फ्यूज आणि वायर. जुन्या दिव्याकडे जाणारी रिव्हर्सची वायर रिलेला दे. दिव्यांना वीज थेट बॅटरीतून आण, मध्ये फ्यूज विसरू नकोस. अर्थिंगसाठी चासीचा रंग खरवडून लोखंड उघडं कर. रंगावरच स्क्रू पिळशील आणि मग दिवे खराब निघाले म्हणून माझ्या नावाने खडे फोडशील, मी तुला ओळखतो.

एक छोटा स्विचही ठेवलाय. तो डॅशबोर्डखाली लाव. गाडी उभी असताना, माल उतरवताना, गिअर न टाकताही मागे उजेड ठेवता येईल. असं मी गिऱ्हाइकांना करून देत नाही, आमचे मिस्त्री तर ऐकूनच खेकसतात. पण घरचं काम आहे आणि मला सुचलं, म्हणून दिलं.

पत्र बाबांना तूच वाचून दाखव. माझं अक्षर त्यांना आवडत नाही. त्यांना शि. सा. नमस्कार.

लोभ असावा, आणि हातोडीने काही ठोकू नये.

तुझा,
दादा

४ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

दिवे लागले. एक फ्यूज उडाला, कसा ते विचारू नकोस. पण उजेड असा पडतो की मागच्या भिंतीवरची कोळ्याची जाळी मोजावी. गोदामवाला दोनदा येऊन बघून गेला आणि काही बोलला नाही. त्याला बोलायला काही सापडत नाही, हे बघून जीव थंड झाला.

बाबा तर पहिल्या दिवशी त्या उजेडात उभे राहून स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होते, नवीन मिळाल्यासारखा. तुझा स्विच त्यांना फार आवडला. गल्लीत शिरलो की मला तो लावायला लावतात आणि निघेपर्यंत बंद करू देत नाहीत.

एकच जरा कुरकुर झाली. आता उजव्या आरशात मला सगळं दिसतं. मी म्हटलं, थापा कशाला मारता, तळहात लाल होतात तुमचे. दोन दिवस त्यांनी हट्टाने मारल्या, मग सोडून दिल्या. मागे उभे मात्र राहतात. राहू देत, आपलं काय जातं?

तब्येत सांभाळ. लोभ आहे तसाच उजळत राहो.

तुझी,
बारकी

१ मार्च

दादा,

तुझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोलले, तिसरं तोंडातून निघेना. म्हणून लिहिते.

गुरुवारी दुपारी दोन काचा उतरवून झाल्या. तिसरी शेजारच्या दाराशी द्यायची होती, म्हणून गाडी दोन हात मागे घ्यायची होती. स्विच लावलेलाच होता. मी रिव्हर्स टाकला, उजव्या आरशात बघितलं, रस्ता मोकळा होता. बाबा डावीकडे होते, काचांच्या आड. एरवी दिवा लागला की ते बाजूला होत. त्या दिवशी दिवा आधीपासूनच लागलेला होता. त्यांना काय कळणार की मी गिअर टाकलाय? आणि मी काही थापांची वाट बघितली नाही.

ओटा आणि फाळका यांच्यात ते सापडले. खुब्याचं हाड मोडलं आहे, डाव्या मांडीचंही. डॉक्टर म्हणतात, काठीशिवाय चालणं आता विसरा. तिसरी काच मात्र शाबूत आहे. गोदामवाल्याने आधी तीच तपासली.

तुला एकच विचारायचं आहे. तू या धंद्यातला आहेस. रिव्हर्सचा दिवा गिअरशिवाय लागता कामा नये, हे तुझे मिस्त्री ओरडून सांगतात आणि तू दुसऱ्या कुणाला असा स्विच देत नाहीस. मग आम्हालाच का दिलास? आमच्यावर काय तुझे प्रयोग करायचे होते?

लोभाचं पुढे बघू.

बारकी

९ मार्च

चि. बारकीस,

आशीर्वाद लिहायचा अधिकार आहे की नाही ठाऊक नाही, तरी लिहितो.

चूक माझी आहे. पण सगळी माझ्या पदरात टाकून तू मोकळी होऊ नकोस. गाडी कोण चालवत होतं? थापा कुणी बंद करायला लावल्या? इतकी वर्षं जे बिनतक्रार चाललं ते तू दोन दिवसांत मोडलंस, कारण तुला आरशात दिसत होतं. दिवे मी दिले, डोळे मिटायला मी सांगितलं नव्हतं.

आणि स्विच मला सुचला नव्हता. तुझ्या पत्राच्या आठवडाभर आधी बाबांचं पत्र आलं होतं, पाकिटावर पत्ता कुणाकडून तरी घालून घेतलेला. आतल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, एक तर कागदावरून खाली उतरली होती. त्यांनी लिहिलं होतं की त्या गल्लीत आता नीट दिसत नाही, मागे कायम उजेड राहील असं काहीतरी कर, आणि बारकीला सांगू नकोस, नाहीतर ती मला मागे उभं राहू देणार नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मला आयतंच कारण मिळालं.

मी काय करायचं होतं? डॉक्टरकडे जा म्हणून लिहायला हवं होतं. तुला कळवायला हवं होतं. पण त्यांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही, म्हणून मी स्विच पाठवला. पत्र तू वाचून दाखव असं लिहिलं तेही त्यासाठीच. तुला कधीच काही शंका आली नाही का?

लोभ असावा.

दादा

१० एप्रिल

चि. बारकीस,

महिना झाला, तुझी ओळ नाही. फोन वहिनीने केला तर उचलतेस, मी केला तर नाही. मागच्या पत्रात रागाच्या भरात उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं. फाडून टाक ते. मी येऊ का, एवढंच कळव.

दादा

२ मे

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. तू विचारलंस, मला शंका आली नाही का. शंका कसली, मला दीड वर्षापासून माहीत होतं. चहा कपाशेजारी ओतायचे. आदल्या दिवशीचा पेपर मांडीवर घेऊन पानं उलटायचे. ओट्याला पांढरा पट्टा बरा दिसावा म्हणून कुणी रंगवतं का? त्यांना कड दिसावी म्हणून मी तो रंगवला. तुझ्याकडे दिवे मागितले तेही गोदामवाल्यासाठी नाही, त्यांच्यासाठीच. तुला सांगितलं नाही, कारण तू त्यांना घरी बसवशील असं मला वाटलं. थापा मी बंद केल्या, कारण गेल्या वर्षी त्यांनी दोनदा चुकीच्या वेळी मारल्या होत्या. एकदा काच वाचली ती नशिबाने. मला त्या थापांचा भरवसा उरला नव्हता आणि हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. म्हणून तळहात लाल होतात म्हटलं. झाकली मूठ तिघांनीही झाकूनच ठेवली.

आता ऐक. हॉस्पिटलात हाडाच्या डॉक्टरांनी सहज त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत पिकलेला. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी मला बाहेर नेऊन विचारलं की इतके दिवस का थांबलात. एका डोळ्याला अर्धा तास लागतो म्हणाल्या. अर्ध्या तासाचं काम होतं दादा. आपण रिले लावत बसलो.

उजवा डोळा मागच्या आठवड्यात झाला. पट्टी काढल्यावर माझ्याकडे बघून बाबांनी विचारलं की तुझे केस कधी पिकले. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या उशाच्या कप्प्यातून तुझं मार्चचं पत्र काढून वाचलं. मी पोचले तेव्हा ते घडी घालत होते. दादाचं अक्षर अजून तसंच वाईट आहे, एवढंच म्हणाले. पायाबद्दल ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की आपलाच पाय घसरला. मी समोर असले तर जरा मोठ्याने सांगतात.

स्विचची वायर मी अपघाताच्याच दिवशी तोडली. स्विच सोबत पाठवते आहे, मला घरात नको. गोदामवाल्याने गाडीला कॅमेरा लावून घेतला. स्वच्छ दिसतं त्यात, पांढरा पट्टाही दिसतो. तरी रिव्हर्स टाकला की मी थांबते. काल गल्लीत खोळंबलेला ट्रकवाला हॉर्न वाजवून वैतागला, तेव्हा लक्षात आलं की मी दोन थापांची वाट बघत होते.

यायचं तर ये, नाही म्हणत नाही. पुढच्या महिन्यात डावा डोळा आहे. मग बाबांना जवळचं, लांबचं सगळं लख्ख दिसेल. त्यांची खुर्ची खिडकीशी लावली आहे. तिथून अंगण पूर्ण दिसतं, आणि संध्याकाळी मी एकटीने गाडी मागे घेते हे ते बघत असतात.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

बारकी