चर्चमागच्या हॉलमधला गुरुवार

डॉक्टर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्हाला मराठीचं एक अक्षरही येत नव्हतं, तरी आज मराठीतच लिहावंसं वाटतंय. इंग्रजीत मी तुम्हाला 'यू' म्हणायचे. इथे हात आपोआप 'तुम्ही' लिहितो.

मी नागपूरहून नुकतीच आलेली, इंग्लंडमधल्या स्लाऊच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली शिकणारी. साताऱ्याकडची एक बाई तपासून घ्यायला आली होती. पाठोपाठ तीन मुली झालेल्या, अंगात रक्त नाही. आणखी मूल हवंय का, तुम्ही विचारलंत. मी मराठीत विचारलं. उत्तर नवऱ्याने दिलं, "हवंय की! मुलगा नको का?" मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडते, तोच तुम्ही पेन खाली ठेवता. "मी तिला विचारलं." आवाज चढलेला नाही, तरी माझे कान तापतात. तुम्ही उठून दार उघडलंत आणि त्याला म्हणालात, "बाहेर बसा, प्लीज." ती कितीतरी वेळ कार्डिगनचं बटण फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्ता नको हो. जरा उभं राहू दे मला."

नवऱ्याने तक्रार केली. यापुढे नवऱ्यांना बाहेर काढायचं नाही, असं दवाखान्याच्या सीनियर डॉक्टरांनी तुम्हाला बजावलं. "मग मीच जाते," म्हणालात, आणि साठीच्या उंबरठ्यावर खरंच नोकरी सोडलीत. चर्चमागचा थंडगार हॉल मिळवलात. दर गुरुवारी दुपारी फक्त बायकांसाठी दवाखाना. सुरुवातीला कोणीच येईना. आपण दोघी हीटरला चिकटून बसायचो आणि तुम्ही वाटाण्याचं घट्ट सूप ढवळत हॉलंडमधल्या लहानपणच्या गोष्टी सांगायचात. तुमची आई शिक्षिका होती. लग्न झालं म्हणून शाळेने तिला घरी बसवलं. "मग ती रोज नाश्त्याला आम्हा चार भावंडांची हजेरी घ्यायची," तुम्ही हसत सांगितलंत आणि लगेच पातेल्याकडे वळलात.

पुढे एका गुरुवारी तीच साताऱ्याची बाई आली, दोन जावांना घेऊन. त्यानंतर खुर्च्या कमी पडू लागल्या. अखेर कौन्सिलने हेल्थ सेंटरमध्ये खोली दिली. तुमच्या अंत्यविधीला मागच्या रांगांमध्ये कोटाखाली साड्या नेसलेल्या बायकाच बायका होत्या. "या घरच्या का?" पाद्रींनी मला विचारलं. मी हो म्हणाले.

गुरुवार आता मी चालवते. परवा जवळच्या रीडिंग शहरातून एक पुण्याची मुलगी आली, आयटीतली, हुशार. नवरा फोनच्या स्पीकरवर. मी म्हटलं, "फोन बंद कर आणि तू बोल." ती आधी रडली, मग अर्धा तास बोलत होती.

हे पत्र कुठे टाकणार? ड्रॉवरमध्येच राहील. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगते. लेक तिच्या मोडक्या मराठीत सारखी म्हणते, "आई, यू शुड रिटायर. किती काम करतो तू!" मी तिला गुरुवारच्या बायकांचं कारण सांगते. खरं म्हणजे माझे हे गेल्यापासून दुपारी घरी एकटीने काय करायचं, हे मला कळत नाही.