हॅटी आत्याची बॅटरी

मिलर्स फोर्ड, ओहायो
१९ नोव्हेंबर १९८४

प्रिय लेफ्टनंट कीन,

तुमचं पत्र मार्चमध्येच आलं. उत्तराला आठ महिने लावले, माफ करा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग बायकोचा खोकला, मग छप्पर गळायला लागलं. कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत.

तुम्ही विचारलंत, "ट्युनिशियात त्या सकाळी माझ्याच हातून चुकीचं बटण दाबलं गेलं ना? तू धावपट्टीशेजारी उभा होतास." खाली तुमच्या मुलीनं लिहिलंय, की एक्केचाळीस वर्षांत बाबांनी साधी मोटारही चालवली नाही. ती ओळ मी रोज वाचतो.

आपलं बॉम्बर आखूड पंखांचं, दोन दांडग्या इंजिनांचं, भारी तापट. म्हणून तर कॅप्टन लडलोंनी त्याला आपल्या आत्याचं नाव दिलं. त्या सकाळी ते म्हणाले, "काय ऑर्व्हल, हॅटी आत्याचा मूड कसा आहे?"

मी म्हटलं, "दात काढून ठेवलेत सर. चावणार नाही."

तुम्ही सहवैमानिकाच्या जागेवर बसायला वर चढता चढता म्हणालात, "हिरड्यांनीही चावते ती."

आणि मी तपासणीच्या कागदावर सही केली.

आता लिहितोच. विमान जमिनीवर असताना त्याला वीज हवी असली तर चाकांवरचं जनित्र ओढून आणायचं, विमानाच्या बॅटरीला हात लावायचा नाही, हे मीच बाकीच्या मेकॅनिकना शिकवायचो. आदल्या दुपारी जनित्र दुसऱ्या विमानाकडे होतं. मी आत बसून विमानाच्या रेडिओवर नाचाची गाणी ऐकली. घरची आठवण येत होती. दहा मिनिटं म्हणून बसलो, दोन तास गेले. सकाळी इंजिनं जनित्रावर सुरू झाली, म्हणून बॅटरी उतरल्याचं कुणाला कळलं नाही. मला शंका होती. मी बोललो नाही.

हॅटीच्या इंजिनांपुढच्या पंख्यांच्या पात्यांचा कोन विजेवर टिकायचा. वीज कमी पडली की पाती सपाट होतात, पंखा नुसता सुसाट फिरतो, ओढ उरत नाही. चाकं जमिनीवरून उचलली तेव्हा उजवा पंखा किंचाळलेला मी ऐकला, आणि विमान कोसळलं. बटण कुठलंही दाबलं असतंत तरी कॅप्टन वाचले नसते.

चौकशीत 'वैमानिकांची चूक' असं लिहिलं गेलं. मी ते लिहू दिलं.

हे पत्र वाटेल त्याला दाखवा. आणि एक ओळ तरी पाठवा, शिवी असली तरी चालेल, पण लवकर. मात्र ती टाकायला मुलीला पाठवू नका. मोटार काढा आणि पोस्टापर्यंत स्वतः चालवत जा.

तुमचा अपराधी,
ऑर्व्हल स्टेगमन